चहाच्या पेटीत चहा

प्रिय मेव्हणेबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. इकडचं सगळं ठीक आहे. म्हणजे तुमची धाकटी बहीण बरी आहे, तुमच्या मातोश्री फारच बऱ्या आहेत, आणि माझा रक्तदाब डॉक्टरांच्या मते काबूत आहे (डॉक्टरांनी आमच्या दिवाणखान्यात अजून पाऊल ठेवलेलं नाही). तुमची पाठ कशी आहे? वहिनींना नमस्कार सांगा. घराचं रंगकाम आटोपत आल्याचं वाचून आनंद झाला. त्या वासाने खोकला वाढू नये म्हणून तुम्ही आईंना तीन महिन्यांसाठी इकडे आणून सोडलंत. त्या तीन महिन्यांत माझ्यावर काय गुदरलं हे तुम्हाला कळायला हवं. फोनवर सांगितलं असतं, पण मी बोलायला लागलो की आई शेजारून दुरुस्त्या सुचवतात.

माझा पेट्यांचा नाद तुम्हाला ठाऊक आहे. वजनमापे निरीक्षक म्हणून जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासले, आणि निवृत्त झाल्यापासून जुन्या नक्षीदार पेट्या जमवतो आहे. अक्रोडाच्या लाकडाची चहाची पेटी, हातमोज्यांची लांबट पेटी, तपकिरीची मुलामा दिलेली डबी, पितळी कोपऱ्यांची लेखनपेटी, आणि अशा बऱ्याच. प्रत्येकीचं मी कार्ड केलं आहे: लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, लाकूड, बिजागऱ्या, कुलूप, ओरखडे. दर रविवारी मेणाचं पॉलिश. आणि आत काहीही ठेवायचं नाही, हा पहिला नियम. तुमची बहीण तो कटाक्षाने पाळते (ती त्या कपाटाकडे बघतच नाही). आई आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटासमोर उभं राहून विचारलं, यांत काय असतं? मी म्हटलं, काही नाही. सगळ्यांत? सगळ्यांत. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन तुमच्या बहिणीला हळूच विचारलं की, यांचं हे असं कधीपासून आहे.

त्यानंतर आठवडाभरातच चहाला पॉलिशचा वास यायला लागला. मी दुधावर संशय घेतला, पाण्यावर घेतला, दुकानदाराकडे जाऊन त्याच्यासमोर पूड हुंगली (तो मला जुन्या नोकरीपासून ओळखतो, त्यामुळे घाबरून त्याने पाव किलो बदलून दिली). शेवटी उलगडा झाला: आईंनी चहाच्या पेटीत चहा भरून ठेवला होता. मी हबकलो. पण तक्रार नेमकी काय करायची तेच सुचेना, कारण पेटी चहाचीच होती आणि दीडशे वर्षांपूर्वी ती याच कामासाठी केलेली होती. मी नुसता "आई, ही चहाची पेटी आहे" एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर."

मग मी कपाट उघडून पाहिलं. हातमोज्यांच्या पेटीत गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या. तपकिरीच्या डबीत कानातल्या यंत्राचे सेल. शिंपल्यांची नक्षी असलेल्या पेटीत बटणं, रंगांप्रमाणे लावलेली (हे मान्य करायला हवं, माझ्या कार्डांपेक्षाही नीट लावलेली). आणि लेखनपेटीत विणकामाची लोकर, इतकी कोंबलेली की झाकण बोटभर वर राहिलं होतं. मी सगळं बाहेर काढून टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सगळं परत आत. हे दहा-बारा दिवस चाललं, दोघांपैकी कोणीही त्याबद्दल चकार शब्द न काढता. मग माझ्याच्याने होईना. वयाने त्या मोठ्या, शिवाय सकाळी लवकर उठतात.

आता मूळ दुःखाकडे येतो. आमच्या गावात जुन्या वस्तूंच्या संग्राहकांचं एक मंडळ आहे. दर वर्षी ते प्रदर्शन भरवतात आणि नऊ वर्षं मी अर्ज करतोय. या वर्षी अध्यक्षबाई स्वतः पेट्या बघायला येते म्हणाल्या. चष्म्यावर भिंग लावून काम करणाऱ्या, मितभाषी बाई आहेत. त्या सकाळी कपाट रिकामं करायचं असं मी पक्कं ठरवलं होतं, पण बाई अर्धा तास आधी आल्या आणि दार आईंनी उघडलं.

बाईंनी पहिली पेटी उघडली. पट्ट्या. दुसरी उघडली. बटणं. प्रत्येक झाकणाबरोबर माझा चेहरा कसा होत गेला ते तुमची बहीण अजून नक्कल करून दाखवते. लेखनपेटीला हात लागताच आई म्हणाल्या, जरा जपून, टाके सुटतील. बाईंनी लोकर उचलली तर एक धागा आतल्या फटीत अडकलेला. मी म्हटलं, कापतो. आईंनी मला बाजूला सारलं, एका हाताने पेटी धरली आणि धागा हलकेच ओढला. खट् असा आवाज झाला आणि पेटीच्या कुशीतून एक पातळ खण बाहेर आला. अकरा वर्षांत मी ती पेटी सतरा वेळा मोजली आहे, मेव्हणेबुवा. बाहेरून आणि आतून. लाकडाची जाडी वजा करूनही दोन्ही मापांत चोवीस मिलिमीटरचा फरक येत होता आणि मी तो लाकूड फुगल्याच्या नावावर टाकला होता.

खणात एक घडी केलेला कागद होता. मला वाटलं मृत्युपत्र, बाईंना वाटलं प्रेमपत्र. आईंनी चष्मा पुसला आणि वाचलं: सदरे सहा, उशांचे अभ्रे चार, मोजे सात. धोब्याकडे द्यायच्या कपड्यांची यादी. आईंनी ती दोनदा वाचली आणि खरोखर काळजीने विचारलं, "आठवा कुठे गेला?"

अध्यक्षबाई हसल्या. मंडळात आजवर त्यांना कोणी हसताना पाहिलेलं नाही. मग खुर्चीत बसल्या, पॉलिशचा चहा दोन कप प्यायल्या आणि म्हणाल्या, लेखनपेटी या वर्षी मधल्या टेबलावर ठेवू, यादीसकट, पंधरा दिवस. नऊ वर्षांनी! मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाल्या, "पंधरा दिवस? आणि जावईबापू, माझी लोकर कुठे ठेवू?"

त्या थट्टा करत नव्हत्या. गुडघ्यावर अर्धवट विणलेला स्वेटर होता, आणि तो माझ्या मापाचा होता हे मला तेव्हाच दिसलं. मी बाईंना सांगितलं की या वर्षी पेटी देता यायची नाही, ती वापरात आहे. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं यावर तुमच्या बहिणीचा अजून विश्वास बसलेला नाही. बाईंना मात्र राग आला नाही. आता त्या दर गुरुवारी येतात, आईंशेजारी बसून त्या हरवलेल्या मोज्याची चर्चा करतात, आणि मी चहा करतो.

तर असं आहे. माझा संग्रह उद्ध्वस्त झाला, प्रदर्शन हुकलं, आणि लेखनपेटीच्या कार्डावर शोध लावणाऱ्याचं नाव म्हणून मला तुमच्या मातोश्रींचं नाव लिहावं लागलं. आता काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. वीस तारखेला आईंना न्यायला येणार असं तुम्ही लिहिलंत. येऊ नका. भिंती अजून ओल्या आहेत असं कळवा. थंडी संपेपर्यंत तरी ओल्या असू द्या.

ता. क. २. यातलं आईंना काही माहीत नाही. कृपया बोलू नका.

ता. क. ३. पाकिटं आणि तिकिटं आईंनी नक्की कुठल्या पेटीत ठेवलीत ते मला सापडेना, म्हणून विचारावं लागलं. त्यांनी आधी पत्र वाचायला मागितलं. खालचं अक्षर त्यांचं आहे.

"भिंती ओल्या असोत की कोरड्या, मी येत नाहीये. हे मी तुझ्या बहिणीला आल्या दिवशीच सांगितलं होतं, जावईबापूंना कोणी सांगितलं नाही वाटतं. तू मात्र भेटायला जरूर ये. येताना करडी लोकर आण, बाही कमी पडते आहे. मुक्काम दोनच दिवस कर, पाहुण्यांच्या खोलीत माझं सामान आहे."