भर बाजारातून न्यायची गाडी

बाबा, गाडी तयार झाली. कुठली, ते तुम्हाला सांगायला नको. तीच, लांब नाकाची लाल गाडी, बॉनेटवरून चामड्याचा पट्टा आवळलेला, शेपटीवर पांढऱ्या गोलात सातचा आकडा. तुम्ही केली होती ती पॅडल मारायची, लहान पोराच्या मापाची. ही खऱ्या मापाची आहे. इंजिन सुरू केलं की शेजारच्या गच्चीवरची सगळी कबुतरं उठतात आणि आमची ही म्हणते, "एक दिवस उडून ओरछ्याला जातील बिचारी, परत यायची नाहीत." सांगाडा समथरच्या एका जुन्या हवेलीच्या गोठ्यातून आणला. त्या मोटारीत कोंबड्या राहत होत्या. कागद मात्र जपून ठेवले होते त्यांनी, म्हणून काम झालं. आरटीओत बदल नोंदवायला गेलो तर खिडकीतला बाबू चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "चच्चा, ऊपर लिखा है रेसिंग बॉडी, नीचे लिखा है विकलांग वाहन. इन दोनों में से आप हैं कौन?" मी म्हटलं, "भैया, इंजन चालू हो तो ऊपर वाला, बंद हो तो नीचे वाला." तो हसला, काम पुढे सरकलं. मी माणसांना हसवून कामं करून घेतो, हे तुम्हाला नवीन वाटेल. तुमच्या घरात मी बोलत कुठं होतो? ऐकत होतो.

ही गाडी मी कुठल्या शर्यतीसाठी बांधली नाही. मला ती भर दुपारी, पुढच्या दारानं बाहेर काढून बाजारातून न्यायची होती. एवढंच. का, ते तुम्हाला कळायला हवं, पण न कळल्याचं दाखवण्यात तुमचा हात कुणी धरला नसता, म्हणून सांगतो.

ताप येऊन पाय गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, असं आई सांगायची. मला चालल्याचं आठवत नाही, त्यामुळे त्याचं दुःखही फारसं नाही. आठवतात ते गुरुवार. दर गुरुवारी तुम्ही मला पाठीवर घेऊन रेल्वे क्वार्टरमधून निघायचात, ओरछा गेटच्या आत मालिश करणाऱ्या पहलवानाकडे. दिवेलागण झाल्याशिवाय निघायचं नाही, आणि बाजारातून जायचं नाही. मागच्या गल्लीनं, भिंतीच्या कडेकडेनं. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "तिकडं गर्दी असते." ती गर्दी मला ऐकू यायची, बाबा. घरांच्या पलीकडे जिलबीची कढई चरचरतेय, बांगडीवाला "काय बिन्नू, हरीरी दिखाएँ?" असं कुणाच्या तरी लेकीला हिरव्या बांगड्यांचं विचारतोय, टांगेवाला घोड्याला आणि गिऱ्हाइकाला एकाच शिवीत समजावतोय. तुमच्या मानेला मिठी मारून मी सगळा बाजार कानांनी फिरून यायचो. समोरून तुमच्या रेल्वे वर्कशॉपमधलं कुणी ओळखीचं आलं की तुमची मान ताठ व्हायची. माझे हात तिच्याभोवतीच असत, मला कळायचं.

पुढे मी त्याच बाजारात घर घेतलं. पुढचं फाटक बाजाराकडे, मागचं त्या गल्लीत, मध्ये अंगण. लोक म्हणाले, इतक्या दाटीत कशाला, बाहेर कॉलनीत मोकळं घ्या. मी म्हटलं, मला आवाज आवडतात.

आता त्या पहिल्या गाडीचं. तुमच्या साहेबांनी कुठल्याशा परदेशी मासिकातलं चित्र आणून दिलं होतं, त्यांच्या मुलाच्या वाढदिवसाला तशी गाडी हवी होती. संध्याकाळ झाली की तुम्ही मागच्या अंगणात पत्रा घेऊन बसायचात. तुमच्यासारखा सुबक पत्रा वळवणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. हे लिहिताना राग येतो, पण खोटं कशाला लिहू. लाकडी हातोड्याचा आवाज टक् टक् येत राहायचा, आणि पत्रा हवा तसा वळला की तो आवाज जरा भरीव व्हायचा. तुमच्याही आधी मी म्हणायचो, "झालं." तुम्ही बघायचात, खरंच झालेलं असायचं. पॉलिश पेपरनं ती सगळी गाडी मी घासली, बसल्या जागी, बोटांची सालं निघेपर्यंत. तुम्ही ती माझ्याभोवती फिरवत होतात, म्हणजे मला सरकायला नको. इतकं तुम्हाला सुचत होतं. आणि लाल रंगाचा शेवटचा हात वाळत असताना मी विचारलं, "बाबा, माझ्यासाठी एक?" तुम्ही नट आवळत होतात. रागावला नाहीत, वर पाहिलं नाही. म्हणालात, "पाय लागतात त्याला."

स्टेशनबाहेरचा पानवाला हातानं फिरवायच्या तीनचाकीवरून यायचा, आठवतो? त्याची चेन तुटली तेव्हा तुम्हीच आमच्या ओट्यापाशी बसून जोडून दिली होती. मी शेजारी बसून पाहिलं होतं. हातानं चाक कसं फिरतं, हे तुम्हाला शिकवायला नको होतं. मी पुष्कळ वर्षं याचा विचार केला. तुम्हाला जमलं नसतं असं नाही. ती गाडी मग मी रस्त्यावर नेली असती. अडचण ती होती.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः न्यायला आले. सकाळपासून घरात धावपळ. ताईला नवा फ्रॉक घातला. मला उचलून स्वैपाकघरात नेऊन बसवलंत, पडदा ओढलात. आईनं पुढ्यात मटाराच्या शेंगा ठेवल्या. बाहेर साहेब गाडीची तारीफ करत होते, मी ती आतून ऐकत होतो आणि फुगत होतो, म्हटलं घासलीय मी. मग त्यांनी सहज विचारलं, "बच्चे कितने हैं आपके?" आणि तुम्ही म्हणालात, "जी, एक लड़की है बस."

थाळीत दाणे पडायचा आवाज थांबला. माझा नाही, आईचा. मी सोलतच होतो. तिनं माझ्या हातातली शेंग काढून घेतली, स्वतः सोलली, दाणे माझ्या तोंडात घातले आणि हात तिथंच ठेवला. मला वाटतं, मी ओरडेन अशी तिला भीती वाटली. मी कशाला ओरडतोय? बाहेर तुम्ही चहा मागत होतात.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला वाटायचं पडदा जाड आहे.

मग सोळाव्या वर्षी तुम्ही मला शिंप्याकडे काज करायला बसवलंत. "बैठं काम आहे, कोपऱ्यातली जागा आहे," म्हणालात. कोपरा महत्त्वाचा. त्या शिंप्याच्या शेजारी स्कूटरचा मिस्त्री होता, मी काज करता करता नुसत्या आवाजावरून त्याला ओरडून सांगायचो, "उस्ताद, दूसरी वाली का टॅपेट ढीला है." तो वैतागून एक दिवस मला खुर्चीसकट उचलून आपल्या दुकानात घेऊन गेला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. आज मोठ गावाकडचे ट्रकवाले इंजिन चालू ठेवून दारात उभे राहतात आणि त्याचं दुखणं विचारतात, "कान वाले भैया, सुनो तो जरा, का बोल रओ?" माझ्या स्वतःच्या गॅरेजची पाटी लागली, तेव्हा तुम्ही रिटायर होऊन माझ्याकडेच राहायला आला होतात. दारात खुर्ची टाकून बसायचात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचात, "हमारे लड़के का गॅरेज है." मी आत, इंजिनाखालून ऐकायचो. गॅरेज झालं तेव्हा मी तुमचा मुलगा झालो. तुमच्या आजारपणात मी काही कमी केलं नाही. सगळे म्हणत, असा मुलगा हवा. मी औषध चमच्यात ओतताना हसायचो, तुम्हाला वाटायचं स्वभाव आहे.

गाडीकडे येतो. दोन हात आणि कामं चार, स्टिअरिंग, ब्रेक, ॲक्सिलरेटर, क्लच. त्या काळच्या रेसगाड्यांना ब्रेकचा लांब दांडा बॉडीच्या बाहेर असायचा. तुमच्या गाडीला तुम्ही तो नुसता शोभेला लावला होता. मी तोच खरा केला, उजव्या हातानं ओढला की चारी चाकं धरतात. ॲक्सिलरेटरची कडी स्टिअरिंगच्या आत बसवली, अंगठ्यानं दाबायची. अडलं क्लचवर. दांडा आणखी एक, हात आणायचा कुठून? ही इथल्याच जुन्या मराठी घरातली, हिच्या माहेरी स्वैपाकघराला अजून मुदपाकखाना म्हणतात. सांडशीनं पातेलं धरून एका शेगडीवरून दुसरीवर सरकवत म्हणाली, "धरायचं नि सरकवायचं एकाच हातानं होतं की. त्याला दोन हात कोण लावतं?" दुसऱ्या दिवशी गिअरच्या दांड्यालाच स्कूटरच्या क्लचची मूठ बसवली. मूठ आवळली की क्लच, त्याच हातानं गिअर. ही म्हणते, गाडीवर माझं नाव घाला.

पत्र्याचं काम करणारा डेंटर दरवाज्यावरून अडून बसला. चाकाच्या खुर्चीतून आत सरकता यावं म्हणून मी बाजूचा पत्रा कापायला सांगितला, तर तो कैची खाली ठेवून म्हणाला, "दद्दा, नकल करनी है तो पूरी करो. असली में दरवज्जा था ही नईं." मी म्हटलं, "असली में तो मैं भी नहीं था." तो हसला, ही हसली. मीही हसलो आणि पत्रा कापून घेतला.

आणि मग गेला रविवार. पुढच्या फाटकापाशी ही नारळ आणि हार घेऊन उभी, डेंटर लिंबू-मिरची घेऊन, जिलबीवाल्यानं कढई सोडली, बांगडीवाल्यांची पोरं-सुना पायऱ्यांवर. सगळा बाजार, बाबा, जो मी भिंतीपलीकडून ऐकला होता, तो वाट बघत होता. मी अंगणात गाडीत सरकलो, पट्टा बांधला, इंजिन सुरू केलं. आवाज असा लागला की तुम्हीसुद्धा "झालं" म्हणाला असता. पुढचं फाटक सताड उघडं होतं. मागचंही, हवा यावी म्हणून.

मी मूठ आवळली, गिअर टाकला, आणि गाडी मागच्या गल्लीत वळवली. मी वळवली असंही म्हणवत नाही, हात वळले. भिंतीच्या कडेकडेनं, ओरछा गेटातून थेट बाहेर, मोकळ्या रस्त्याला लागेपर्यंत मी मान वळवली नाही. ती ताठ झाली होती. बाजाराचा आवाज घरांच्या पलीकडून येत होता, तसाच.

परत आलो तर हार हिच्या हातात कोमेजला होता. म्हणाली, "अहो, आम्ही सगळे पुढं उभे होतो." डेंटर म्हणाला, "का दद्दा, बरात दूल्हे के बगैर छोड़ दई?" मी म्हटलं, "भीड़ में डालने से पहले ब्रेक देख रहा था." सगळ्यांना पटलं. आता म्हणतात, पुढच्या रविवारी काढा.

हा कागद मी तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही, तिथं ही रोज पुसते. चुलीत घालीन. कारण ब्रेकचं हे जे मी सगळ्यांना सांगितलं, त्यातलं खोटं फक्त तुम्हालाच कळलं असतं. ब्रेक उत्तम होते, बाबा.