टेपचं दुमडलेलं टोक

तात्या, तुमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातला ओहम मोजायचा मीटर अजून माझ्याकडे आहे. मी बी.एस्सी. झाले तेव्हा तो लेकीच्या हातात देऊन तुम्ही म्हणालात, "आधी मीटर लावायचा, मग तोंड उघडायचं." बाकीच्या मुलींना साड्या मिळाल्या, मला मीटर, याचा तेव्हा केवढा अभिमान वाटला होता. आज त्या वाक्याची किळस येते.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. बारामतीत ज्याला त्याला जीपमध्ये वूफर हवा होता. सणसरचा तो बागाईतदार नवी जीप घेऊन आला. इंदापुरात मेव्हण्याचं लग्न होतं, नवरदेव त्याच जीपमधून मारुतीला जाणार होता आणि मागे दोन वूफर वाजायला हवे होते. वूफर चार-चार ओहमचे. चार ओहमच्या खाली जोडू नये, असं ॲम्पवरच, म्हणजे ॲम्प्लिफायरवरच, छापलेलं. मी ते एकापुढे एक जोडले, म्हणजे आठ ओहम. आवाज बेताचा, पण ॲम्पला धोका नाही. शेजारी-शेजारी जोडले तर दोनच ओहम उरतात, आवाज दणदणीत होतो, पण ॲम्पमधून झेपणार नाही इतका करंट ओढला जातो आणि तो जळतो. हे मी तुम्हाला बिलाच्या पाठीवर आकृती काढून दाखवलं. तुम्ही मान डोलावलीत. मी सांधे डाख देऊन पक्के केले, वर प्लॅस्टिकच्या नळ्या चढवल्या.

बागाईतदार जीपमध्ये बसून म्हणाला, "तात्या, ह्यो काय आवाज हाय व्हय? आमची म्हससुदिक दचकायची न्हाय."

तुम्ही हसलात. "तुमी च्या घ्या. बघतो मी."

मी जेवायला घरी गेले. परत आले तर जीप गेलेली. "जरा ॲडजस्ट केलं," एवढंच बोललात.

लग्नानंतर जीप परत आली. दार उघडलं आणि जळक्या व्हार्निशचा वास अंगावर आला. नवरदेव मारुतीला पोचायच्या आत सीटखालच्या ॲम्पमधून धूर निघाला होता. बागाईतदार ओरडला नाही. "पावण्यांत नाक कापलं माजं. कुणी जोडलं हुतं ह्ये?"

तुम्ही माझ्याकडे बघता आणि म्हणता, "पोरीनं. कॉलेजात शिकलीया, हाताला सवय न्हाय अजून."

"तरीच. पोरीच्या हातात कशाला देता, तात्या?"

आणि तुम्ही मान डोलावता. आकृतीपुढे डोलावली होती तशीच.

वूफरचं खोकं मीच उघडलं. माझे सांधे कापलेले होते. वायरी पिळून शेजारी-शेजारी जोडलेल्या, वर काळी टेप, आणि पुढच्या वेळी नखाला सापडावं म्हणून टेपचं टोक दुमडलेलं. तुमचं ते दुमडलेलं टोक लहानपणापासून माझ्या ओळखीचं. मी मीटर लावला. काटा दोनच्याही खाली. तुम्ही काटा बघितलात, मग माझ्याकडे बघितलंत आणि भजी मागवलीत. "खा, गरम हायती." तेलकट कागद माझ्यापुढे सरकवणारा तो हात बघून मी मीटर पेटीत ठेवला.

त्यानंतर येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "तात्या, तुमीच जोडा बरं का." हे दुकान पुढे हीच चालवणार, असं त्याआधी तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात. महिन्याभरात मी दुकानात यायची थांबले, शाळेत शास्त्र शिकवायला लागले. "तिला आवड न्हाय ऱ्हायली," असं तुम्ही लोकांना सांगितलंत. तेही खोटंच.

तुम्ही गेलात तोवर त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. लोकांना वाटलं, लेकीने बापाचा मान राखला. मान वगैरे काही नव्हता. ज्याची किळस येते त्याच्याशी भांडावंसंही वाटत नाही.

हे पत्र मीटरच्या पेटीत ठेवून देणार आहे. परवा इस्त्रीची वायर तुटली. मी ती जोडली, टेप गुंडाळली, आणि नंतर बघते तर टोक दुमडलेलं. उलगडून सरळ करणार होते. केलं नाही.