बाकावरची शेजारीण

ता. ११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाना परवा दवाखान्यातून घरी आले. उजवा हात अजून रुसलेला आहे, पण चालतात, जेवतात आणि मी दाढी करून देताना माझ्या कामाला नावं ठेवतात, म्हणजे बरे आहेत असं समजायला हरकत नाही. एक गोष्ट मात्र फोनवर सांगता येईना, कारण फोनपाशी आई कान देऊन उभी असते.

त्यांची घरची भाषा गेली. ऑफिसची तेवढी राहिली. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या झटक्यात असं कधीकधी होतं; परत येईल किंवा येणार नाही. एवढं सांगायला ते इतकी वर्षं शिकले.

तुला आठवतं ना, नाना ऑफिसची भाषा बुटांबरोबर दाराशी काढून ठेवायचे? दाराजवळच्या बाकावर बसायचं, नाड्या सोडायच्या, आणि मग घरची भाषा सुरू. आपण शाळेतलं एखादं वाक्य आत आणलं की त्यांच्या भुवया वर. त्यामुळेच आईला त्या भाषेचा गंध नाही. जन्मभर उंबऱ्याबाहेर थांबलेली भाषा आता घरात येऊन बसली आणि आई बाहेर पडली. नाना दिवसभर त्याच बाकावर बसून असतात, कोणीतरी बूट आणून देईल म्हणून.

मी मध्ये उभा राहून दुभाष्याचं काम करतो. दुकान उघडायच्या आधी, दुपारी जेवायला आलो की, आणि संध्याकाळी. लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारा चष्मेवाला आता आईला नाना वाचून दाखवतो. काल त्यांनी विचारलं, ही जेवली का. आई चक्क लाजली आणि तिकडे दूध उतू गेलं.

तू ये. घराण्यात दोन भाषांची मास्तरीण असताना चष्मेवाल्याने का मरावं?

लोभ आहेच, या वेळी तो गाडीत बसवून पाठव.

तुझा
धाकटा

—

ता. १९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वर्गात वाचलं, ही चूक झाली. पोरांनी विचारलं, बाई, डोळ्यांत काय गेलं. दोन्ही भाषांत विचारलं, म्हणजे माझं शिकवणं अगदीच वाया जात नाही.

परीक्षा होईपर्यंत मला निघता येत नाही. दुसऱ्या दुभाषी बाई वर्ष अर्ध्यावर सोडून गेल्या. मी निघाले तर माझी पोरं अशा कोणाच्या तरी हाती जातील ज्याला एकच भाषा येते आणि तीही ओरडून. माझा वर्ग तू पाहिलेला नाहीस. निम्मी पोरं घरून एक भाषा घेऊन येतात, निम्मी दुसरी. एका बाकावर एक इकडचं, एक तिकडचं. जमिनीवर मधोमध निळी पट्टी चिकटवली आहे. मी खिडकीकडे उभी राहिले की एक भाषा, दाराकडे गेले की दुसरी. पट्टीवर उभं राहायचं नाही, हा माझा नियम. बोललेलं लगेच दुसऱ्या भाषेत सांगायचं नाही. पोरं फार हुशार असतात. आपल्या भाषेतलं मागून येणार हे कळलं की पहिल्या वेळी कान मिटून बसतात. म्हणून मी वस्तू दाखवते, तोंडं वेडीवाकडी करते आणि थांबते. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, बाई, तुम्ही उत्तराची फारच वाट पाहता. मी म्हटलं, साहेब, मला त्याच कामाला ठेवलंय.

तू नेमका पट्टीवर उभा आहेस. नाना बोलतात आणि आई तुझ्या तोंडाकडे बघते. असं वर्षभर केलंस तरी तिला एक शब्द यायचा नाही. बाजूला हो. माझी चित्रकार्डं दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. एकीकडे चित्र, मागे वाक्य, आणि उच्चार आईच्या लिपीत. पहिल्या आठवड्यात आम्ही बाकाचा खेळ खेळतो, त्याचंही कार्ड आहे: प्रत्येकाने उभं राहून शेजाऱ्याची ओळख करून द्यायची, ही माझ्या बाकावर बसते. आडनाव, गाव, बापाचा धंदा काही नाही. एवढ्यावर पोरांचं वर्षभर भागतं.

माया कमी होऊ देऊ नकोस, जीभ आवर.

तुझी
ताई

—

ता. २७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कार्डं मिळाली. भिंगांच्या कपाटावर ठेवली आहेत, अगदी वर, जिथे आईचा हात पोचत नाही आणि ती दुकानात येतही नाही.

तू रागावणार. आधी ऐकून घे. ही जेवली का, असं नाना म्हणालेच नव्हते. ते म्हणाले होते, ह्या बाई कोण? फार कष्टाळू दिसतात. संध्याकाळ व्हायच्या आत ह्यांना घरी सोडायची सोय करा, घरचे वाट बघत असतील. ते हे रोज विचारतात. अगदी अदबीने. मला ते ऑफिसातला होतकरू कारकून समजतात, आणि माझी काही तक्रार नाही. मुलगा म्हणून त्यांनी मला इतका भाव कधी दिला नव्हता. पण आई त्यांच्या समोर वाटी घेऊन उभी असते आणि मला विचारते, काय म्हणाले रे? ताई, तू तिथे असतीस तर काय सांगितलं असतंस? मी सांगतो, भाजी छान झाली म्हणाले. सांगतो, दमलीस का विचारतात. आता मला या कामाची इतकी सवय झाली आहे की नाना गप्प असले तरी मी भाषांतर करतो.

तिला ती भाषा आली तर तिला हेच आधी कळेल. तुझा नियम वर्गात ठीक आहे. इथे पट्टीवर कोणीतरी उभं राहायलाच हवं.

कळव काय करू ते. लोभ ठेवायचा की काढून घ्यायचा, तेही कळव.

तुझा
धाकटा

—

ता. ५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रागावायला बसले आणि जमलं नाही. तिथे असते तर मीही भाजीच छान म्हटली असती.

माझ्या वर्गात एक चिमणी आहे. आल्या दिवसापासून तोंड उघडलं नव्हतं. तिची आई येऊन रडायची, बाई, हिला काहीच कळत नाही. मी रेटलं नाही. अशी पोरं आधी नुसती साठवतात. परवा तिची शेजारीण तापाने आली नाही. हजेरीला मी त्या नावापाशी थांबले, तर चिमणी उभी राहिली आणि शेजारणीच्या भाषेत म्हणाली, ती माझ्या बाकावर बसते, आज तिची जागा मी धरली आहे. सबंध वाक्य, तेही मी न शिकवलेलं. मग पुन्हा गप्प बसली, जणू हे बोलण्यापुरतंच तिने इतके महिने तोंड राखून ठेवलं होतं.

गप्प बसलेल्याला काही कळत नाही, असं धरून चालणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यांत मोठी घोडचूक. आपण दोघं आईबद्दल तेच करतोय, अशी मला शंका आहे.

कार्डं तिला दे. हे मास्तरीण म्हणून सांगते. मुलगी म्हणून विचारशील तर कार्डं विहिरीत टाक.

जिव्हाळा आहेच, सध्या तो जरा दुखरा आहे.

तुझी
ताई

—

ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कार्डं दिली. आईने ती स्वयंपाकघरात डब्यांना टेकवून मांडली आहेत. पोळी लाटता लाटता पुटपुटते. तुझी वाक्यं शाळकरी पोरांची, त्यामुळे आपल्या आईचं बोलणंही तसंच झालं आहे. काल ती नानांसमोर उभी राहून म्हणाली, मी पाणी प्यायला जाऊ का? नानांनी मान डोलावून रीतसर परवानगी दिली. आज म्हणाली, माझी पेन्सिल हरवली. नानांनी चांगल्या हाताने खिसे चाचपले, सापडली नाही तर ओशाळले. आई स्वयंपाकघरात जाऊन हसली. बऱ्याच दिवसांनी.

पण ते सकाळचं. दुपारी त्यांनी मला रोजचंच विचारलं, ह्या बाई कोण. आई तिथेच होती. मी तुझा नियम पाळला, पट्टीवरून उतरलो. आईनेही या वेळी मला विचारलं नाही, काय म्हणाले रे. ती उठली आणि गॅस बारीक करायला गेली. गॅस पेटवलेलाच नव्हता.

तिला काय कळलं ते मला कळत नाही. तू तिला पत्र लिही. माझ्यावरचा लोभ तिच्याकडे वळवलास तरी चालेल.

तुझा
धाकटा

—

ता. ६ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इतकी फिरवून फिरवून चौकशी करायची गरज नव्हती; सरळ विचारायचं. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

भाषा नाही कळली, पण आवाज कळतो ना. दुकानात, बसमध्ये परक्या बाईला वाट देताना तुझे नाना ज्या आवाजात बोलायचे, त्याच आवाजात ते दवाखान्यात माझ्याशी बोलले. नवऱ्याच्या तोंडून इतकी अदब ऐकली की बाईने समजायचं ते समजावं. त्यात तुझा भाऊ म्हणतो, आई, ते विचारतात तू जेवलीस का. अगं, इतक्या वर्षांच्या संसारात त्या माणसाने मला हे एकदाही विचारलं नाही. तिथेच तुझा भाऊ पकडला गेला. पण मी बोलले नाही. पोरगं दुकान टाकून येऊन माझ्यासाठी इतकं गोड खोटं रचतं, ते मोडायचा मला धीर झाला नाही. आणि खरं सांगू? ऐकायला बरं वाटायचं. भाजी छान झाली म्हणाले, हे कोणाच्या का होईना तोंडून कानावर पडलं.

कार्डं मी त्यांचं बोलणं कळावं म्हणून पाठ केली नाहीत. ते रोज एवढं नम्रपणे विचारतात आणि त्यांना कोणी उत्तर देत नाही, हे मला बघवेना. ते उत्तर मलाच द्यायला हवं होतं. पण तुझ्या कार्डांत पेन्सिल आहे, घंटा आहे, बायको नाही. धाकट्याकडून तो शब्द मागून घेतला आणि त्यांना सांगून पाहिला. ते दचकून उभे राहिले, कोणाच्या तरी घरात चुकून शिरल्यासारखे. म्हणाले, माफ करा. मग दिवसभर पाणीसुद्धा मागितलं नाही. तो शब्द मी परत काढला नाही.

मग तुझं ते बाकाचं कार्ड घेतलं. तूच मला पत्रात लिहिलंस ना, एवढ्यावर पोरांचं भागतं. दोन कार्डांतले शब्द इकडचे तिकडे केले. एका सकाळी ते दाराशी बाकावर बसले होते. मी त्या बाकावर कधी बसले नव्हते, तो त्यांचा, बूट घालायचा. त्यांनी या वेळी मलाच विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, मी तुमच्या बाकावर बसते.

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मीही थांबले, तू थांबतेस तशी. मग ते सरकले आणि त्यांनी मला जागा करून दिली.

आता रोज विचारतात. मी रोज तेच सांगते आणि ते रोज सरकतात. दुपारपर्यंत आम्ही रस्ता बघत बसतो. तुझ्या भावाला मी सांगून टाकलं आहे, तू आपलं दुकान वेळेवर उघडत जा.

परीक्षा झाली की ये. तुझ्यावरची माझी माया तुला विचारावी लागत नाही, तेवढं या घरात शिल्लक आहे. पण नाना तुलाही विचारतील. मुलगी म्हणू नकोस, घाबरतील. तुझं वाक्य वाटेत तयार करून ये.

तुझी
आई