पहिल्या भागातली गच्ची

मंगळवार, ९ जानेवारी

प्रिय नगाऱ्या,

पाकीट बघून हसू येईल तुला. जिची जीभ दिवसभर कैचीसारखी चालते ती बाई कागद-पेन घेऊन बसलीय! पण तिथे फोन आत नेऊ देत नाहीत, आणि भेटीच्या दिवशी तू खिडकीकडे बघत बसतोस, मी फळं कापत बसते. म्हटलं, लिहावं.

इकडे सगळं ठीक. आईंचा गुडघा कुरकुरतो, त्या स्वतः त्याहून जास्त. घराचं रंगकाम अजून आटोपलं नाही. वास फार आहे, तुझ्या छातीला बाधेल, म्हणून तुला तिथेच आणखी थोडे दिवस राहायला सांगितलंय. तू काळजी करू नकोस.

कामाचं सांगते. जिच्यासाठी आपल्या दोघांना विचारलं होतं ती कोरियन मालिका अखेर डबिंगला आली. हिरॉईनचा आवाज माझाच. हिरोचा एका नव्या माणसाला दिलाय. स्वभावाने बरा आहे बिचारा, पण कायम सर्दी झाल्यासारखा बोलतो, तुझ्या नगाऱ्याची सर कुठली त्याला! डायरेक्टरने विचारलं, "साहेब कधी येतायत परत?" मी म्हटलं, बाहेरगावी मोठं काम मिळालंय. शेजाऱ्यांनाही हेच सांगितलंय. थाप एकच ठेवलेली बरी, लक्षात राहते.

मालिका म्हणे मनाच्या आजारांवर आहे. पहिला भाग काय सांगू तुला! हिरॉईन मनोविकारांची डॉक्टर, कितीतरी दिवस झोपलेली नाही, तरी लिपस्टिक जागच्या जागी. हिरो ट्राम चालवतो. सुरुवातीलाच तो दवाखान्याच्या गच्चीवर, कठड्याच्या कडेला. वारा सुटलाय, व्हायोलिन वाजतंय. ही धावत येते आणि भलंमोठं भाषण ठोकते. आयुष्य काय, आशा काय, उद्याची सकाळ काय! आणि तो गुपचूप ऐकतो, उतरतो तो थेट तिच्या मिठीत. पहिल्या जाहिरातीच्या आत प्रेम जमलंसुद्धा. आपण मात्र चार मालिकांमध्ये नवरा-बायकोचे आवाज दिले तेव्हा कुठे एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. तोवर सगळं लक्ष पडद्यावरच्या ओठांकडे.

ते गच्चीवरचं भाषण मला काल म्हणायचं होतं.

म्हटलं. ओठ जुळले, श्वाससुद्धा जुळला. डायरेक्टर म्हणाला, "ताई, तुम्ही घाबरलेल्या वाटत नाही हो. तो मरायला निघालाय. किंचाळा जरा." परत म्हटलं. "अजून सपाटच येतंय." मग मी हेडफोन काढून ठेवला, पोटात दुखतंय म्हणाले आणि जिन्यात येऊन बसले.

कारण असं कोणी किंचाळत नाही रे. मी कुठे किंचाळले होते? आपल्या गच्चीचं दार ढकललं तर तू कठड्याच्या पलीकडे, आणि अलीकडे तुझ्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. माझ्या तोंडून काय निघावं? "अरे, माझा चष्मा पाहिलास का?" चष्मा! तू मान वळवून म्हणालास, "फ्रिजवर." मी म्हटलं, "मला नाही सापडत, तू दे काढून." तू अलीकडे आलास, चपला घातल्यास, खाली येऊन चष्मा माझ्या हातात दिलास. मी स्वयंपाकघरात फरशीवर बसून रडले आणि तू नुसता उभा होतास.

तेव्हापासून आपण सगळे एकच म्हणतोय, की तू पाण्याची टाकी बघायला वर गेला होतास आणि तुला चक्कर आली. डॉक्टरांना मी खरं सांगितलं, पण तुझ्यासमोर मीसुद्धा टाकीच म्हणते. आता लिहिते. तू टाकी बघायला गेला नव्हतास. तू मरायला गेला होतास, मला न सांगता. मला तुझा भयंकर राग आलाय. आणि राग आला की पाठोपाठ लाज वाटते, की आजारी माणसावर कसली चिडतेस, मेले!

काल घरी पोचले तर आई दारातच. "काय गं, तुझा रंगवाला येतो कधी नि जातो कधी? मला तर एक भिंत ओली दिसली नाही." मी पर्स खुंटीला अडकवली. मग हळूच म्हणाल्या, "माझ्याशी खोटं बोललीस तरी चालेल. त्याच्याशी नको गं. तो वाट बघतोय तिथे."

तर ऐक. वर सवयीने लिहून गेले, पण रंगकाम वगैरे काही नाही. डॉक्टर मागच्या आठवड्यातच म्हणाले होते, औषध लागू पडतंय, आता घरी न्यायला हरकत नाही. त्यांनाही मी रंगाचीच थाप मारली. तुला तिथे मी ठेवलंय. तिथे खिडक्यांना जाळ्या आहेत, लक्ष ठेवायला माणसं आहेत. इथे मी आणि म्हाताऱ्या आई. तू तिथे असलास की मला झोप लागते. खरं हेच आहे.

आज सकाळी डॉक्टरांना फोन केला, शनिवारी घरी नेते असं सांगितलं. "नक्की ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नक्की नाही. पण नेते."

तू आल्यावर काय होणार तेही आताच सांगून ठेवते. मला भाषण येत नाही. त्या दिवशी तू उतरलास, पण पुढच्या वेळी मी बाजारात असले तर? म्हणून मी पाळत ठेवणार. बाथरूममध्ये जरा वेळ लागला की दार वाजवणार. झोपलास की नाकाशी बोट धरून बघणार. तू वैतागशील. खुशाल वैताग. "काय कटकट आहे" म्हणालास तर आनंदच होईल मला. तेवढंही बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस. लवकर बरा हो, पूर्वीसारखा हस, माझ्यावर प्रेम कर, असलं आता काही मागत नाही. हाक मारली की ओ दे. कुठल्याही खोलीतून, कसल्याही आवाजात, पण ओ दे.

हाका मारत राहणारी,
तुझी कैची