पाच मिनिटं पुढे

मंगळ., ६ जाने.
धुकं. नॉलेज सिटीपर्यंत स्कूटर नुसती सरकवत नेली. संस्थेच्या डेटाबेस सर्व्हरवर नजर ठेवायला नवं मशीन बसवलंय. त्याच्या पडद्यावर आमच्या सर्व्हरचा आलेख कोरा. सर्व्हर ठणठणीत, संशोधनवाले काम करतायत, आणि पडदा म्हणतो, नोंद बाद, नोंद बाद. बघत राहिलो. खिडकीतही तसंच पांढरं.

बुध., ७
आलेखाला आकडे पुरवणारे काउंटर नव्याने बांधले. परवानग्या, पोर्ट, सेवा बंद-चालू. एकोणीस गोष्टी, वहीत खूण करून. कोराच. विभागप्रमुख मॅडमनी दारातूनच सांगितलं, सोमवारपर्यंत, नाहीतर सर्व्हर बाहेरच्या कंपनीकडे. अकरा वर्षं सांभाळलाय. कोणी न शिकवता, पुस्तकं पुढ्यात घेऊन... असो.

शुक्र., ९
रेवाला क्लाससाठी घाई करत होतो, साडेसात झाले म्हणून. इकडे उत्तरेतच वाढलेली लेक पोह्यांतून मान वर न काढता, "बाबा, आपके साढ़े सात अभी बजे नहीं हैं."
भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे. गावी कराडला अण्णांचंही असायचं, एसटी चुकू नये म्हणून. चहा हातातच राहिला.
सर्व्हरचंही मीच पुढे केलं होतं! पहिल्या वर्षी, सकाळचा बॅकअप लोक यायच्या आत उरकावा म्हणून. आपोआप वेळ जुळवणंही बंद. जुनी देखरेख सर्व्हरवरच, त्याच घड्याळावर, म्हणून चाललं. नव्या मशीनचं घड्याळ खरं. त्याला आमची प्रत्येक नोंद अजून न आलेल्या क्षणाची दिसते.
दिवसभर तरंगल्यासारखं.

शनि., १०
सुधा मटार सोलत होती. तिला सांगितलं. म्हणाली, गुपचूप मागे घ्या, कोणाला कळतंय. खरंय. पण प्रयोगांच्या नोंदींवर वेळ त्याच घड्याळाची. अकरा वर्षांची. सांगितलं तर सर्व्हर जाईल, म्हटलं.
"आणि नाही सांगितलं तर तुम्ही झोपाल?"

सोम., १२
मॅडमना एक पान दिलं, कारणासकट. दोनदा वाचलं त्यांनी. "कदमजी, पूरे ग्यारह साल?"
"जी."
एक वाजता डेटाबेस थांबवला, घड्याळ मागे घेतलं. लगेच चालू केला तर तीच पाच मिनिटं दोनदा नोंदली जाणार. म्हणून जग येऊन पोचेपर्यंत बसायचं. बसलो. बाहेर धुकं विरून हिरवळीवर ऊन, लोक शेंगदाणे खात पाठी शेकत होते. ज्या पाच मिनिटांवरून तेव्हा उडी मारली, ती हीच. इतकी लांब असतात...
१.०६. चालू. पडद्यावर बारीक हिरवी रेघ उगवली.

मंगळ., १३
लोहडी, इथली शेकोटीची संक्रांत. मॅडमनी हातावर रेवडी ठेवली. म्हणाल्या, कोणकोणत्या नोंदींच्या वेळा चुकल्यात त्याची यादी करा, तुमच्याइतकं बारीक दुसरं कोणी करणार नाही. यादी मलाच लागणार की त्या कंपनीला द्यायला, विचारलं नाही.
घरी सुधा स्टुलावर चढून, हात घड्याळाला. "हेही घेऊ का मागे?"
म्हटलं, थांब जरा.