रेखाची फारकत

बुधवार, सांजच्याले

पंच बसवले, सगळ्याईले जेवू घातलं, स्टॅम्पपेपरवर रेखाच्या अन् जावयाच्या सह्या घेतल्या, अन् आज मेहकरची वकीलबाई म्हणते, याच्यानं फारकत होतच नाही! कोर्टाचा हुकूम लागते म्हणे. मंग दोन वर्षं आम्ही काय समजून राह्यलो? पोरीच्या गळ्यातली पोत मी माह्या हातानं काढली होती.

धामणगाव बढ्याच्या पाव्हण्याईनं रेखाले पसंत केलं, म्हणून कागद दाखवाले गेलो. बाई म्हणे, "काकू, आत्ता लग्न लावलं तर गुन्हा होईल. आधी दोघांनी मिळून कोर्टात अर्ज करा, मग सहा महिन्यांनी पुन्हा दोघांनी या."

"सहा महिने काऊन?"

"कोणाचा विचार बदलला तर."

मारून घराबाहेर काढलं तवा त्यानं केला होता का विचार?

येताना एसटीत रेखा हळूच म्हणे, "आई, म्हणजे मी अजून त्याचीच बायको?" पोत तर मीच काढली होती ना?

अन् तो कोर्टात येईल का? आमचं अडलं हे कळलं की मुद्दाम आडवा येईल. मंग एकटीनं केस लढा, त्यात वर्षं जातात म्हणे. तोवर पाव्हणे थांबतीन?

दादाले फोन लावला. माहा मोठा भाऊ, "कोर्टात कशाले, पंच आहेत ना" म्हणणारा तोच. म्हटलं, "कागदाची अक्कल तुही होती. आता तूच सुलतानपूरले त्याच्या घरी जाय. कोर्टात येतो का नाही, रविवारच्या आत मले त्याच्या तोंडचं उत्तर पाहिजे."