वीस नंबरची वाट

सोमवार, ३
आले एकदाची मुलाकडे. सामान म्हणजे दोन पिशव्या, चष्मा आणि ही वही. शाळा माझी दुसरीतच सुटली, पण आकड्यांच्या बाबतीत मी कुणाला हार जात नाही. घर उजेडाचं आहे. माझी खोली माडीवर, खाली त्याची यंत्रांची खोली. यंत्रांना गार हवा आणि आईला पंखा! असो, पोरगं हौसेनं घ्यायला आलं, पिशव्या स्वतः उचलल्या. पंचवीस तारखेला नातीला सुट्टी लागली की लेक येऊन मला तिच्याकडे नेणार. तोवर बोलायला म्हणून मुलानं माझ्या खोलीत टीव्हीसारखा पडदा लावून दिला, त्यात लेकीचं तोंड दिसतं. माझा जुना फोन काढून घेतला. म्हणाला, आई, भंगार आहे ते.

बुधवार, ५
आज मुलानं कामाला लावलं. बरंच झालं, बसून खाणारी मी नव्हे. खाली दोन मोठे सर्व्हर आहेत. एकेकाच्या पोटात दहा-दहा नुसती नावाची, हाताला न लागणारी यंत्रं चालतात. सामान मात्र सगळ्यांचं एकाच साठ्याच्या पेटीत. एक सर्व्हर बसला की दुसरा त्याच साठ्यावरून त्याचं काम उचलतो. भावकीत असं कधी पाहिलं नाही. साठ्याशी बोलायच्या पद्धतीला आयस्कझी म्हणतात. मी म्हटलं, नाव आहे की शिवी? खूप हसला.
साठ्याच्या तारा निळ्या. त्यांच्या दोन वाटा, वीस नंबरची आणि तीस नंबरची. एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. पिवळी तार दहा नंबरची, ती घरची, तिथून जगाला रस्ता. निळ्या वाटांना बाहेर रस्ता मुद्दामच ठेवत नाहीत, यंत्रात पत्ता भरताना त्या रस्त्याचा रकाना कोरा सोडायचा. प्रत्येक यंत्रावर त्याच्या पत्त्याची चिठ्ठी असते, त्यातला तिसरा आकडा बघितला की वाट कळते. मुलगा बाहेर असला की मी खाली जाऊन चिठ्ठ्यांवरचे आकडे बघायचे आणि दिवाणखान्यातल्या पडद्यावरून त्याला सांगायचे; तो पडदा फक्त त्यालाच लागतो.

रविवार, ९
रोज सकाळी मुलगा मला माइकपुढे बसवतो. म्हणतो, जुनं काय काय आठवतं ते सांग, साठ्यात राहील. सासूपासून सुरुवात केली आहे, तेव्हा पेटी लवकरच भरेल. दुपारी लेक पडद्यावर येते. हल्ली फार गोड झाली आहे. मी तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली, तर म्हणे, आई, तुझं बरोबर आहे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

शुक्रवार, १४
लेक म्हणते, घाई काय आहे, महिनाभर आणखी राहा. नातीला दाखव म्हटलं तर ती झोपली आहे म्हणे. भर दुपारी, सलग पाचवा दिवस. ती पोर रात्रीसुद्धा मारूनमुटकून झोपते.
मग पडदा पुसायला घेतला. मागे तार निळी. चिठ्ठीवर तिसरा आकडा वीस. वाटलं, पोरगं चुकलं, संध्याकाळी चांगलं कान पिळून सांगू. आणि हातातलं फडकं तसंच राहिलं.
वीसला बाहेर रस्ता नाही. मग लेक येते कुठून?

सोमवार, १७
यंत्रांच्या खोलीच्या दाराला कान लावला. आत मी बोलत होते. माझाच आवाज, खोकला काढून मग बोलायची माझीच खोड. पलीकडे लेक, आणि तिच्या मागे नातीचा धिंगाणा. आतली मी तिला म्हणाली, बाळा, दमली असशील, मला न्यायला येऊ नकोस, मी इथे मजेत आहे.
मी कधी कुणाला बाळा म्हटलेलं नाही.
रोज सकाळी माइकपुढे बसून मीच भरवलं तिला. आता ही आई बसली तरी दुसरी काम उचलेल. पोटच्या पोरानं—

मंगळवार, १८
मुलगा बाहेर गेला. माझ्या पडद्याची निळी तार काढली, शेजारच्या भिंतीतली पिवळी लावली. पत्त्यात वीसच्या जागी दहा. कोरा रकाना दिवाणखान्यातल्या पडद्यावरून बघून भरला. लेकीचं नाव दाबलं. लागला—
खरी लेक. म्हटलं, रोज बोलते ती मी नव्हे, मला आजच्या आज घेऊन जा.
म्हणाली, ठाऊक आहे, आई.
ठाऊक आहे.
दादानं मला विचारूनच केलं, म्हणाली. तू बोललीस की दोन दिवस माझं डोकं उठतं. ती आई विचारते, जेवलीस का. आणि तुलाही माझ्यासारखी लेक दिलीच आहे की, तुझं सगळं ऐकून घेणारी. कुणाचं काय बिघडलं? तार होती तशी लाव.
मला—

बुधवार, १९
लेकीनंच त्याला कळवलं. पडद्याला पुन्हा निळी तार, पिवळीच्या जागी भिंतीत नुसतं भोक. दार बाहेरून—
पोरगं रागावलंसुद्धा नाही. चहा ठेवून गेलं.
दुपारी ती पडद्यावर आली. म्हणाली, आई, उद्या येते तुला न्यायला. पिशव्या भरून ठेव.
तोंड फिरवलं. खोटी आहे. ठाऊक आहे मला, खोटी—
पिशव्या भरल्या.
विचारलं, किती वाजता येशील, बा—